आयडेक्सचा अर्ज: कोल्हापूरच्या वर्कशॉपवाल्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि टप्प्यांचा तक्ता

संरक्षण खात्याच्या नेहमीच्या खरेदीत तयार माल आणि आधीच्या पुरवठ्याचा दाखला मागतात. एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयडेक्स (इनोव्हेशन्स फॉर डिफेन्स एक्सलन्स) या संरक्षण मंत्रालयाच्या योजनेत वस्तू अजून बनायचीच असते. तिन्ही दलं आपली अडचण ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट’ म्हणून जाहीर करतात आणि निवड झालेल्याला प्रोटोटाइपसाठी अनुदान मिळतं. ‘डिस्क’ (डिफेन्स इंडिया स्टार्टअप चॅलेंज) या स्पर्धेत कमाल दीड कोटी, मोठ्या कामांसाठीच्या आयडेक्स प्राइममध्ये १० कोटी, अदितीमध्ये २५ कोटी. स्वतःची कल्पना असेल तर ‘ओपन चॅलेंज’.

अर्ज तिघांना करता येतो: डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता असलेला स्टार्टअप, एमएसएमईत बसणारी नोंदणीकृत कंपनी, किंवा वैयक्तिक संशोधक. आपल्याकडची गाडी इथंच अडते. उद्यमनगरातली कितीतरी वर्कशॉप प्रोप्रायटरी (एकाच मालकाच्या नावावरची) आहेत, आणि प्रोप्रायटरीला स्टार्टअपची मान्यता मिळत नाही. बरं, जुनाच धंदा नव्या नावानं मांडून स्टार्टअप म्हणवून घेता येईल म्हणाल, तर तेही नाही. फेररचना केलेला व्यवसाय नियमातच वगळलाय. सरळ वाट म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड काढून एमएसएमई म्हणून जाणं. मात्र कंपनीचा पॅन नवा असतो, त्यामुळे जुना उद्यम क्रमांक (एमएसएमई नोंदणीचा) तिला चालत नाही. नवी उद्यम नोंदणी फुकट होते, पण हे सगळं चॅलेंज उघडायच्या आधी उरकून घ्या.

जवळ ठेवायचे कागद: कंपनी नोंदणीचा दाखला, पॅन, जीएसटी, उद्यम किंवा डीपीआयआयटीचं प्रमाणपत्र, भागधारकांची यादी, ताळेबंद. कंपनीचं नाव सगळीकडं अक्षरशः एकच हवं. एका कागदावर ‘इंजि.’ आणि दुसऱ्यावर ‘इंजिनिअरिंग’ असलं की खुलासे सुरू होतात.

अर्ज आयडेक्सच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. छाननीतून पुढं गेलात तर निवड समितीपुढं सादरीकरण. समोर ती वस्तू उद्या हातात धरणारे अधिकारी असतात, तेव्हा कंपनीचा इतिहास एका स्लाइडमध्ये संपवा.

निवडीनंतर कामाचे टप्पे ठरतात, करार होतो आणि पैसे टप्प्याटप्प्यानं येतात. खरी कसोटी या तक्त्याची. समजा, गाडीवर बसवायचा कॅमेऱ्याचा स्टँड करताय. ‘हाउसिंग तयार’ असा टप्पा लिहिला तर तो पुरा झाला की नाही यावर वाद होणारच. ‘ॲल्युमिनियमचं हाउसिंग, वजन ४ किलोच्या आत, प्रेशर टेस्टमध्ये गळती नाही, रिपोर्ट जोडलेला’ असं लिहिलं तर बोलायला जागा राहत नाही. मुदत घालताना पॅटर्नची दुरुस्ती आणि किमान दोन ट्रायल कास्टिंग धरा. पहिल्या ओतकामात ब्लोहोल (हवेची पोकळी) निघणं आपल्याला नवं नाही, पण तक्त्यात त्याला जागा नसली तर पुढचा हप्ता अडकतो.

पैशाचं गणित कच्चं ठेवू नका. अनुदानाइतकाच वाटा आपला असतो. खर्च १ कोटीचा असेल तर ५० लाख आपले. पुढचा हप्ता टप्पा मान्य झाल्यावरच मिळतो, तोवर मजुरी, माल, जॉबवर्क आपल्याच कॅश क्रेडिटमधून. चाचणीचा खर्च बजेटमध्ये वेगळा दाखवा. इलेक्ट्रॉनिक्स असेल तर जेएसएस ५५५५५ या लष्करी मानकानुसार उष्णता, कंपन, धूळ, पाऊस अशा चाचण्या लागू शकतात. त्यात एकदा नापास झालात की डिझाइन बदलून पुन्हा लॅबचं भाडं. कोणत्या चाचण्या, ते नोडल अधिकाऱ्याकडून करारापूर्वीच लेखी घ्या.

प्रोटोटाइप झाला म्हणजे ऑर्डर मिळाली असं नाही. दलाच्या चाचण्यांत तो उतरला की ‘बाय इंडियन-आयडीडीएम’ (देशातच डिझाइन होऊन बनलेल्या वस्तूंच्या) वर्गात खरेदी होऊ शकते. तिची प्रक्रिया वेगळी असते, म्हणून ऑर्डर गृहीत धरून नवं मशीन कर्जावर घेऊ नका.

आयात होणारा एखादा भाग किंवा यंत्रणा इथं विकसित करायची असेल तर डीआरडीओची टीडीएफ (टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंड) योजना आधी बघा. तिथं ५० कोटींपर्यंतच्या प्रकल्पाला खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात. संरक्षण खरेदीच्या मेक-२ या प्रकारात प्रोटोटाइपचा खर्च पूर्ण आपला, सरकारी अनुदान नाही. लहान शेडनं त्यात एकट्यानं उतरू नये.