सक्युलंट रात्री ऑक्सिजन देतं का?

इचेव्हेरिया, हावर्थिया, सेम्परव्हायव्हम. गुलाबाच्या फुलासारखी पानं मांडून बसणारी ही सक्युलंट (मांसल पानांत पाणी साठवणारी झाडं) विकताना हल्ली एक वाक्य हमखास चिकटवलेलं असतं: ‘रात्री ऑक्सिजन देतं, बेडरूममध्ये ठेवा.’ झाड खुशाल ठेवा, पण त्या आशेनं नको. प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन सुटतो तो प्रकाशाच्या ऊर्जेनं पाण्याचा रेणू फुटतो तेव्हा. अंधारात तो येणार कुठून?

रात्री जे खरंच घडतं ते जास्त रंजक आहे. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याच वाटेनं पाणी गमावतात. कोरड्या, खडकाळ जागी वाढणाऱ्या या मंडळींना ते परवडत नाही. त्यांची रंध्रं मुख्यतः रात्रीच्या गारव्यात उघडतात. पण तेव्हा साखर बनवायला प्रकाश नसतो! मग पीईपी कार्बोक्सिलेज हे विकर (एन्झाइम) कार्बन पकडून ठेवतं, त्याचं मॅलिक आम्ल होतं (हिरव्या सफरचंदातलं तेच) आणि ते पेशीतल्या भल्यामोठ्या रिक्तिकेत, म्हणजे द्रव साठवणाऱ्या पिशवीत, साठत जातं. उजाडलं की रंध्रं मिटतात, आम्लातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो आणि बंद पानाच्या आत रुबिस्को हे विकर त्याला साखर बनवणाऱ्या केल्विन चक्रात ओढून घेतं. ऑक्सिजन तयार होतो तो आत्ता, दिवसा.

बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञानं भारतात असताना याच पद्धतीनं जगणाऱ्या पानफुटीची पानं चक्क चाखून पाहिली होती. सकाळी आंबट, दुपारी बेचव. त्याचं हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीनं छापलं.

रिक्तिका भरली की रात्रीची आवक थांबते, त्यामुळे वाढ मुळातच संथ असते. खत ओतून ती फारशी पळत नाही. झाड पाणीही फारसं खर्चत नाही. म्हणून कुंडीतली माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुंडीला भोक हवं, मातीत निम्मी जाडसर वाळू हवी आणि पाणी माती पूर्ण सुकल्यावरच, पण भरपूर. खालची पानं सुरकुतली तर झाड तहानलेलं. पिवळी, लिबलिबीत झाली तर पाणी जास्त झालंय. उजेड कमी पडला की खोड ताणून लांबतं, ते पुन्हा आखूड होत नाही. शेंडा कापून वेगळा रुजवावा. आणि इचेव्हेरियाच्या पानांवरची पांढरट भुकटी ही धूळ नव्हे, मेणाचा थर आहे. ती पुसू नका, जुन्या पानावर पुन्हा नीट धरत नाही.