कवटीतून दिसणारा वसंत

वसंताच्या तोंडावर पाणथळीकाठी दुर्बीण लावून बसलं की कुणीतरी म्हणतंच, "यंदा लवकर तापलं, बदकंही लवकर उत्तरेकडे निघणार." ऐकायला पटतं. पण ऊब हा बेभरवशाचा निरोप्या. आठवडाभर तापतं आणि पुन्हा गारठतं. पक्ष्यांची मुख्य भिस्त असते दिवसाच्या लांबीवर; हवामानामुळे वेळ थोडीफार इकडेतिकडे होते.

१९२० च्या दशकात कॅनडातल्या एडमंटनला विल्यम रोवन यांनी जंको नावाचे छोटे पक्षी भर हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि दिवे लावून त्यांचा दिवस लांबवला. थंडी कडाक्याचीच होती, तरी नरांची वृषणं वसंतात वाढावीत तशी वाढली.

हा उजेड टिपतं कोण? डोळे, असं आपण म्हणू. पण पुढच्याच दशकात फ्रान्समध्ये झाक बन्वा यांना आंधळ्या बदकांतही तीच वाढ दिसली. पिसं, कातडी आणि पातळ कवटी यांतून झिरपलेला उजेड मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतो आणि तिथल्या पेशी तो ओळखतात. (बोटांमागे विजेरी धरली की बोटं लाल दिसतात, तसाच हा झिरपलेला उजेड.) याला 'तिसरा डोळा' म्हणून फॉरवर्ड करायची घाई नको. आपण सस्तन प्राणी. दिवसाची लांबी आपल्याला कळते ती याच दोन डोळ्यांतून.

खरी गंमत मोजमापात आहे. पक्ष्याचं शरीर उजेडाचे तास मोजून बेरीज करत नाही. आतल्या घड्याळानुसार पहाटेनंतर ठरावीक तासांनी जणू एक खिडकी उघडते. हिवाळ्यात तोवर अंधार झालेला असतो. दिवस लांबला की संध्याकाळचा उजेड त्या खिडकीत सापडतो. म्हणून छोट्या दिवसानंतर रात्री नेमक्या वेळी थोडाच वेळ दिवा लावला, तरी शरीर फसतं! मग मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीच्या देठाजवळून थायरॉइड-उद्दीपक संप्रेरक सुटतं. ते नेहमीसारखं गळ्यातल्या ग्रंथीकडे न जाता उलट मेंदूत शिरतं, तिथे थायरॉइडच्या टी-४ या संप्रेरकाचं जास्त प्रभावी टी-३ होतं आणि प्रजननाची साखळी सुरू होते.

दिवस लांबल्याचा हा इशारा उत्तरेत ठळक, आपल्याकडे पुसट: वसंतातल्या विषुवदिनाच्या (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाच्या) सुमारास ६० अंश अक्षांशावर दिवस रोज साधारण साडेपाच मिनिटांनी वाढतो, २० अंशांवर जेमतेम एका मिनिटाने.

बेडकांचं गणित वेगळं, ते ऊब आणि पाणी पाहून ओरडू लागतात. बदकांकडे मात्र नीट पाहा. थापट्या बदकाचा नर मादीभोवती मान वरखाली करत फिरतो आहे. घरटं अजून हजारो किलोमीटर दूर असेल, पण जोडी इथेच जमते.