कॅम्पर व्हॅनमधील बाथरूम

मुक्कामासाठी बदललेल्या गाडीत शौच आणि अंघोळीसाठी केलेली बंदिस्त सोय. पुणे परिसरात असे काम बहुधा टेम्पो ट्रॅव्हलरवर केले जाते. फायबरचे साचेकाम करणारे कारागीर भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मिळतात, प्लायवूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये, तर वायर, स्विच आणि फ्यूज तपकीर गल्लीत. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे. त्यामुळे पत्रा कापण्याआधी आरटीओत चौकशी करावी.

आखणीची सुरुवात कमोड किंवा शॉवरपासून करू नये. वापरलेले पाणी कुठे साठणार आणि कुठे रिकामे होणार, हे आधी ठरवावे. पुण्याला पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून मिळते आणि गाड्या मुक्कामाला जातात त्याही याच धरणांच्या काठी. तिथे उघड्यावर सोडलेली टाकी शहराच्या पिण्याच्या पाण्यात उतरते. म्हणून सांडपाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीइतकी तरी मोठी हवी. दोघांसाठी ८० लिटर पुरते. भरलेल्या टाकीत पाण्याचेच वजन ८० किलो असते, म्हणून ती दोन चाकजोड्यांच्या मध्ये, शक्य तितकी खाली बसवावी. प्रत्येक टाकीला हवेची नळी लागते, नाहीतर पाणी अडखळत उतरते.

खोली ३० × ३६ इंचांची पुरे. भिंतींना १२ मिमी मरीन प्लाय (पाण्याला टिकणारे प्लायवूड), त्यावर फायबर शीट. तळाला एकसंध फायबर ट्रे. टाइल बसवू नयेत, गाडीच्या हादऱ्यांनी त्यांचे सांधे फुटतात. चिकटवलेल्या कडक सीपीव्हीसी पाइपचेही तेच होते. त्याऐवजी जाळीचा लवचीक पाइप आणि स्टीलच्या क्लिपा वापराव्यात. गाडी कधीच पूर्ण सपाटीवर उभी राहत नाही, म्हणून ट्रेला समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन निचरे ठेवावेत आणि सांडपाण्याच्या पाइपला दर मीटरला २ सेंमी उतार द्यावा. घरातल्यासारखा पाण्याचा ट्रॅप, म्हणजे तळाशी पाणी साठवून वास अडवणारा निचऱ्याचा वाक, ताम्हिणी घाटाच्या वळणांवर हिंदकळून रिकामा होतो आणि टाकीचा वास आत येतो. रबरी पडद्याचा, पाण्याशिवाय चालणारा ट्रॅप हा त्यावरचा खात्रीचा उपाय.

१२ व्होल्टच्या पंपाआधी जाळीची गाळणी आणि स्वतंत्र फ्यूज बसवावा. नळ बंद असताना पंप मधूनच घुरघुरला, तर कुठेतरी गळती आहे. गाडी चालवताना पंपाचा स्विच बंदच ठेवावा. एखादी क्लिप निसटली तर पंप सगळी टाकी जमिनीवर ओततो. अंघोळीला शॉवरपेक्षा छोटी बादली आणि तांब्या जास्त काटकसरीचे: २ लिटर उकळत्या पाण्यात २० अंशांचे ६ लिटर पाणी मिसळले की सुमारे ४० अंशांचे ८ लिटर होते, आणि एका माणसाला तेवढे भागते. गॅस गीझर या बंद खोलीत कधीही लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि इतक्या छोट्या जागेत तो काही मिनिटांत जीव घेतो.

शौचासाठी कॅसेट टॉयलेट सर्वांत सोयीचे. त्याची टाकी साधारण १७ ते २० लिटरची असते आणि बाहेरच्या दारातून ओढून काढता येते. वापराआधी तिच्यात २ लिटर पाणी आणि एन्झाइमचे द्रावण घालावे. फॉर्मल्डिहाइडचे द्रावण सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू मारते. आपल्याकडची खरी अडचण जेट स्प्रेची आहे. एका वापरात दीड-दोन लिटर पाणी सहज जाते आणि कॅसेट नऊ-दहा वेळांतच भरते. अर्ध्या लिटरच्या बाटलीने धुण्याची सवय लावली तर ती कितीतरी जास्त टिकते. कोकोपीटचे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचे, कोरडे टॉयलेट पाणी वाचवते, पण त्यात धुण्याचे पाणी गेले की भुसा ओला होऊन कुजट वास सुटतो. पाण्याने धुणाऱ्या कुटुंबाने त्याच्या वाटेला न गेलेले बरे.

पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर. चढताना बाहेरचा दाब कमी होतो आणि बंद कॅसेटमधली हवा फुगते. वर पोहोचल्यावर आधी हवेचे बटण दाबावे, मगच झडप उघडावी; नाहीतर शिंतोडे उडतात. कॅसेट रिकामी करण्याची जागा म्हणजे ड्रेनेजला किंवा सेप्टिक टँकला जोडलेला संडास, तोही मालकाला विचारून.

देखभालीत तीन गोष्टी चुकवू नयेत. दर तीन महिन्यांनी १०० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचे १०० मिली सोडियम हायपोक्लोराइट टाकून सगळे नळ वास येईपर्यंत सोडावेत, चार तास थांबून टाकी दोनदा धुवावी. बोअरवेलच्या जड पाण्याने नळांवर जमलेला पांढरा थर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने काढावा. मात्र हायपोक्लोराइट आणि आम्ल कधी एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. झडपेच्या रबराला सिलिकॉन तेलच लावावे. व्हॅसलीनने रबर फुगते.

पावसाळ्यात अंघोळीनंतर छताचा पंखा अर्धा तास चालू ठेवावा आणि हवा आत येण्यासाठी दाराखाली फट असू द्यावी, तरच बुरशी आटोक्यात राहते. कोपऱ्यांतले सिलिकॉन काळे पडले की पुसत बसू नये, खरवडून नवे भरावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर सगळ्या टाक्या आणि पंप कोरडे करून कॅसेटची झडप उघडी ठेवावी, म्हणजे रबर चिकटून बसत नाही.