स्वयंचलित बॅटरी चार्जर (मोटारीसाठी)

मोटारीची १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी घरच्या २३० व्होल्ट विजेवर भरणारे आणि भरत आली की व्होल्टेज व प्रवाह स्वतःच आवरणारे उपकरण. आधी पूर्ण प्रवाह, मग सुमारे १४.४ व्होल्टवर कमी होत जाणारा प्रवाह आणि शेवटी १३.५ व्होल्टच्या आसपास नुसती राखण, असे त्याचे टप्पे असतात. जोडणीचा क्रम, मोडची निवड आणि खेळती हवा मात्र माणसालाच पाहावी लागते.

पुण्यात, विशेषतः पेठांमध्ये, रोजची कामे दुचाकीवर उरकतात आणि मोटार आठवडेच्या आठवडे उभी राहते. घड्याळ, अलार्म वगैरे ३० मिलिअँपिअर खात असतील, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण २४ दिवसांत निम्मी उतरते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसतात. मग कितीही भरली तरी क्षमता पूर्ण परत येत नाही. म्हणून सेल्फ मारल्यावर नुसती टकटक येईपर्यंत थांबू नये. उभ्या गाडीत मल्टीमीटरने १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इथेच चार्जर लावावा.

प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका धरतात : ३५ अँपिअर-तासांना साडेतीन ते चार अँपिअर. निम्मी बॅटरी पूर्ण भरायला सहा ते आठ तास लागतात, कारण शेवटचा टप्पा संथ असतो. ‘एजीएम’ (आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषून ठेवलेल्या, बंद) बॅटरीला तिचाच मोड द्यावा. सल्फेट काढण्याच्या मोडमध्ये व्होल्टेज १५ च्या वर जाते, तेव्हा बॅटरी गाडीतून सोडवलेली हवी.

प्लग बंद असतानाच लाल चिमटा धन टर्मिनलला आणि काळा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला लावावा. वीज त्यानंतर सुरू करावी. काढताना आधी वीज बंद, मग काळा, शेवटी लाल. काळा चिमटा लांब लावण्याचे कारण हायड्रोजन. चार्जिंगच्या शेवटी तो बाहेर पडतो, हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेतो, आणि चिमट्याची ठिणगी त्याला पुरते. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे अधिकच जपावे. पावसाळ्यात उघड्यावर, ओल्या फरशीवर एक्स्टेन्शन ओढून चार्जर चालवू नये. अर्थिंग असलेले तीन पिनी सॉकेटच वापरावे.

पाणी घालायची झाकणे असलेल्या बॅटरीत प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडण्यापुरतेच डिस्टिल्ड वॉटर आधी घालावे. खुणेपर्यंतची भर चार्जिंगनंतर, कारण भरताना पातळी चढते आणि आम्ल बाहेर येते. हातमोजे व चष्मा हवाच.

फारच उतरलेली बॅटरी काही चार्जर ओळखतच नाहीत. बॅटरी तापते, वास येतो आणि हिरवा दिवा लागत नाही, असे झाल्यास वीज लगेच बंद करावी. भरून काही तास ठेवल्यावरही १०.५ व्होल्टच दिसत असतील तर बहुधा सहापैकी एक सेल गेलेला असतो. ती बॅटरी बदलावीच लागते.