हिरवं पाणी म्हणजे भरपूर अन्न नव्हे

तळ्यात शेवाळ जितकं जास्त, तितके त्यावर जगणारे प्राणीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, जास्त, हा समज फार जुना आहे आणि अपुरा आहे. अन्न किती आहे याइतकंच ते कसं आहे, हे महत्त्वाचं.

डॅफ्निया ही पाणपिसू घ्या. तिच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे कार्बनचे साधारण 80 अणू असतात आणि हे प्रमाण ती फारसं बदलू देत नाही. शेवाळाचं तसं नाही. भरपूर ऊन आणि फॉस्फरसची टंचाई असली की ते कार्बन साठवत राहतं; प्रमाण 300च्याही पुढे जातं. असं शेवाळ पोटभर खाऊनही डॅफ्नियाची वाढ मंदावते, पिल्लं कमी होतात. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमना फॉस्फरस लागतो आणि नेमका तोच कमी पडतो. जादा कार्बन ती श्वसनातून आणि उत्सर्जनातून बाहेर टाकते.

सगळ्यांना सारखाच फटका बसत नाही, हे मला इथे सर्वांत मोलाचं वाटतं. कोपेपॉड या दुसऱ्या प्रकारच्या प्राणीप्लवकांच्या शरीरात फॉस्फरस कमी असतो, म्हणून अशा पाण्यात ते अनेकदा डॅफ्नियापेक्षा बरे तग धरतात. त्यामुळे तळ्याचा नुसता रंग पाहून प्लवकांची स्थिती ठरवू नये. शेवाळातलं कार्बन-फॉस्फरस प्रमाणही मोजायला हवं.