दोन कुलपांची सायकल

ॲमस्टरडॅमच्या सेंट्रल स्टेशनाजवळ सायकल भाड्याने घेतली, तेव्हा दुकानातल्या पोराने सायकलीबद्दल जेमतेम अर्धं मिनिट सांगितलं आणि कुलपांबद्दल चांगली पाच मिनिटं. एक कुलूप मागच्या चाकालाच बसवलेलं, घोड्याच्या नालासारखं. खटका खाली ओढला की दांडा आऱ्यांमधून आरपार जातो. दुसरं म्हणजे जाड कड्यांची वजनदार साखळी. ती पुढच्या चाकातून, सांगाड्यातून आणि मग पुलाच्या कठड्यातून ओवायची. दोन्ही लावली नाहीत आणि सायकल गेली, तर चोरीचा विमा लागू होणार नाही, हे त्याने दोनदा बजावलं. मग ओळखपत्र, कार्डावर अनामत, सही, आणि सायकल कधी परत आणणार ती वेळ.

मला आमच्या गावचं सायकल दुकान आठवलं. अर्धी सायकल तासाच्या बोलीवर मिळायची. वहीत नाव आणि वेळ लिहिली जायची, आणि दहा मिनिटं उशीर झाला की मालक काही न बोलता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. ॲमस्टरडॅममध्ये पर्यटकाला आजही मिळते ती याच जातीची सायकल: दुकान, मालक, अनामत, वेळेचा हिशेब. गंमत अशी, की सायकलीला मालक नको, दुकान नको आणि कुलूप तर नकोच, असं जगात पहिल्यांदा ठणकावून सांगितलं गेलं ते याच शहरात, 1965 साली. पॅरिसमध्ये खांबाची सायकल सोडवून घेणारा किंवा दुसऱ्या कुठल्या शहरात मोबाइलवर कोड टिपून टांग मारणारा प्रवासी त्या ॲमस्टरडॅमच्या कल्पनेवर स्वार झालेला असतो. खुद्द ॲमस्टरडॅममध्ये मात्र शहराची तशी योजना कधी रुजली नाही.

डच माणूस जन्मजात सायकलवाला, हा समज पर्यटकांच्या पुस्तिकांनी पसरवला आहे. जमीन सपाट, अंतरं छोटी हे खरंच. पण सपाट जमिनी आणखीही देशांत आहेत. नेदरलँड्समध्ये सायकलीची संघटना लवकर उभी राहिली. 1883 मध्ये सुरू झालेली सायकलस्वारांची राष्ट्रीय संस्था रस्त्यांवर दिशादर्शक पाट्या लावू लागली. ती संस्था, एएनडब्ल्यूबी, आज मोटारवाल्यांना रस्त्यात मदत पाठवणारी म्हणून ओळखली जाते. सायकल उरली आहे ती नावातल्या ‘डब्ल्यू’पुरती. महायुद्धांच्या मधल्या काळात सायकली इतक्या झाल्या की सरकारने 1924 मध्ये त्यांच्यावर कर बसवला. कर भरल्याची खूण म्हणून पितळी बिल्ला मिळायचा. ज्यांना परवडत नाही त्यांना फुकट बिल्ला, पण त्याला मधोमध भोक. म्हणजे गरिबी सायकलीवर लटकवून फिरायची.

हा कर 1941 मध्ये रद्द झाला, तोही जर्मन अंमलाखाली. पुढच्याच वर्षी, 1942 च्या उन्हाळ्यात, त्याच जर्मनांनी सायकली जप्त करायला सुरुवात केली. लोकांनी सायकली लपवल्या, सुट्या करून माळ्यावर टाकल्या, रबर मिळेना तेव्हा चाकांना लाकडी धावा बसवून चालवल्या. सप्टेंबर 1944 मध्ये दोस्त फौजा आल्याची आवई उठली, तेव्हा पळणाऱ्या जर्मन सैनिकांनी हाताला लागेल ती सायकल उचलली. पुढे कित्येक दशकं ‘माझी सायकल परत द्या’ हा जर्मनांना मारायचा डच टोमणा झाला. 10 मार्च 1966 रोजी राजकन्या बेआट्रिक्स यांचं क्लाउस फॉन आम्सबर्ग या जर्मन सरदाराशी ॲमस्टरडॅममध्ये लग्न लागलं, तेव्हा धुराचे बॉम्ब फुटत असताना गर्दीतून हीच घोषणा येत होती.

ते धुराचे बॉम्ब टाकणारी मंडळी म्हणजे प्रोव्हो. डिवचणं या अर्थाच्या शब्दाचं पहिलं अक्षरद्वय त्यांनी नाव म्हणून घेतलं होतं. 1965 मध्ये जमलेली तरुणांची ही टोळी. अराजकवादी, कलावंत, विद्यार्थी आणि नुसतेच टवाळ, सगळे एकत्र. स्पाउ नावाच्या चौकात एका खोडकर मुलाचा छोटा पुतळा आहे. तो सिगारेट कंपनीने शहराला भेट दिलेला, म्हणून धूम्रपानविरोधी तमाशे तिथेच व्हायचे. याच पुतळ्यापाशी 1965 च्या जुलैमध्ये त्यांनी काही जुन्या सायकली पांढऱ्या रंगवून लोकांच्या हवाली केल्या.

त्यामागचं कारण नीट बघायला हवं, कारण आज ॲमस्टरडॅमच्या कालव्यांचे फोटो काढताना ते डोळ्यांसमोर येत नाही. हे कालवे बुजवायचे घाटत होते. 1954 मध्ये शहराचे पोलीसप्रमुख कासयाखर यांनीच वाहतूक आणि पार्किंगसाठी काही कालवे बुजवावेत असा प्रस्ताव मांडला होता. 1967 मध्ये योकिनेन या नियोजकाने सिंगेलग्राख्त या कालव्याच्या जागी महामार्ग सुचवला. जुनी घरं पाडून रस्ते रुंद करणं ही त्या काळी प्रगती होती, आणि सायकल ही गरिबांची, म्हातारी होत चाललेली वस्तू.

प्रोव्होंपैकी ल्यूड स्खिमेलपेनिंक हा पेशाने औद्योगिक डिझायनर. त्याची पांढऱ्या सायकलींची योजना साधी होती. शहराच्या मध्यभागात मोटारींना बंदी. महापालिकेने दरवर्षी 20,000 सायकली विकत घ्याव्यात. त्या पांढऱ्या असतील आणि कुणाच्याच नसतील. हवी तिथे उचला, पोचलात की सोडून द्या.

पोलिसांनी चौकातल्या त्या पांढऱ्या सायकली जप्त केल्या. कारण काय, तर सायकल कुलपाविना रस्त्यावर ठेवणं नियमात बसत नव्हतं. त्याने चोरीला उत्तेजन मिळतं. यावर प्रोव्होंचं उत्तर मला आजही हसवतं. त्यांनी सायकलींना आकड्यांचं कुलूप लावलं आणि आकडे सायकलीवरच रंगवून टाकले. कायदा पाळला गेला आणि सायकल मोकळीही राहिली.

या सायकली हजारो होत्या, लोकांनी त्या चोरल्या आणि कालव्यांत फेकल्या, म्हणून प्रयोग फसला, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नव्हे. रस्त्यावर आल्या त्या मोजक्याच, दाखवण्यापुरत्या. सायकली कालव्यात जातात हे मात्र खरं. आजही दरवर्षी 12,000 ते 15,000 सायकली गाळातून काढल्या जातात आणि त्यासाठी पोलादी पंजा लावलेली खास बोट फिरत असते. पण त्या खासगी सायकली. पांढऱ्या सायकलींना लोकांनी नापास केलं नाही, परीक्षाच झाली नाही.

1967 मध्ये स्खिमेलपेनिंक प्रोव्होंच्या तिकिटावरच नगर परिषदेत गेला. तिथे त्याने आकडेमोड करून पुन्हा योजना मांडली, आणि ती फेटाळली गेली. 1969 च्या मार्चमध्ये जॉन लेनन आणि योको ओनो शांततेसाठी ॲमस्टरडॅमच्या हिल्टन हॉटेलात अंथरुणात बसून राहिले, तेव्हा त्यांना भेट म्हणून एक पांढरी सायकल मिळाली. तोवर ती चालवायची वस्तू राहिली नव्हती, झेंडा झाली होती.

सायकल या शहरात परत आली ती वेगळ्या आणि दुःखद वाटेने. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर वर्षाला तीन हजारांहून जास्त माणसं मरत होती. 1971 मध्ये त्यांत 400 च्या वर मुलं होती. अपघातात मूल गमावलेल्या एका पत्रकाराच्या लेखाच्या मथळ्यावरून ‘मुलांच्या हत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली. आईबापांनी रस्ते अडवले, रस्त्यात जेवणाची टेबलं मांडली. 1973 मध्ये तेलसंकट आलं आणि नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद राहिल्या. रिकाम्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन फिरले. 1975 मध्ये सायकलस्वारांची नवी, लढाऊ संघटना निघाली. पर्यटक ज्या लालसर सायकलमार्गांवरून निवांत जातो, ते या भांडणांतून आलेले आहेत.

इकडे पांढऱ्या सायकलीची कल्पना परदेशी गेली होती. 1970 च्या दशकात फ्रान्समधल्या ला रोशेलने पिवळ्या सायकली ठेवल्या. कोपनहेगनने 1995 मध्ये 1000 सायकली रस्त्यावर आणल्या. सुपरमार्केटच्या ढकलगाडीसारखीच युक्ती: 20 क्रोनरचं नाणं घातलं की सायकल सुटते, परत लावली की नाणं परत. टायर भरीव, सुटे भाग मुद्दाम असे की दुसऱ्या सायकलीला बसू नयेत, आणि चाकांवर जाहिराती. पर्यटकांना फुकटात शहर बघायची ही चांगली सोय होती. पण नाण्यावर नाव नसतं, सायकल कुणी नेली ते कळत नाही. 2012 मध्ये ती योजना बंद पडली. तोवर उत्तर सापडलेलं होतं: 1998 मध्ये फ्रान्सच्या रेन शहरात सायकल कार्डावर दिली गेली. कार्ड म्हणजे नाव. फ्रान्सच्याच ल्यों शहराने 2005 मध्ये हे मोठ्या प्रमाणावर केलं, आणि 15 जुलै 2007 ला, राष्ट्रीय दिनाच्या दुसऱ्या दिवशी, पॅरिसने सुमारे 10,000 सायकलींनिशी वेलिब सुरू केली. तेव्हा पहिली तीस मिनिटं मोफत होती, खर्च जाहिरातींचे फलक लावणाऱ्या कंपनीचा. तिथून हे जगभर गेलं. पुण्यातही औंधच्या रस्त्यांवर काही काळ ॲपच्या सायकली दिसल्या आणि विरल्या.

मग ॲमस्टरडॅममध्ये हे का रुजलं नाही? स्खिमेलपेनिंकने 1990 च्या दशकाच्या शेवटी बँकेच्या चिप-कार्डावर पुन्हा प्रयत्न केला. ते कार्ड बँकेनेच बंद केलं आणि योजना बसली. दुसरं, इथे प्रत्येकाकडे स्वतःची सायकल आहेच. ती घरापासून स्टेशनापर्यंत जाते. अडचण येते ती दुसऱ्या शहरातल्या स्टेशनावर उतरल्यावर. म्हणून रेल्वेची ओव्ही-फीट्स ही निळी-पिवळी सायकल 2003 पासून स्टेशनांवर मिळू लागली आणि जोरात चालली. ती स्वस्त आहे, पण डच प्रवासकार्ड आणि इथलं बँकखातं असलेल्यांसाठी. चार दिवसांच्या पाहुण्याला ती नुसती बघायला मिळते. ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या आमस्टेलव्हेनमध्ये राहणारे आपले आयटीवाले ती बिनघोर वापरतात आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना मात्र दुकानात घेऊन जातात.

2017 मध्ये खांबाविना, कुठेही सोडून द्यायच्या ॲप-सायकली शहरात येऊन पडल्या. तत्त्व जवळपास 1965 चंच, पण पदपथ आणि सायकल-तळ या कंपन्यांनी व्यापले म्हणून महापालिकेने त्या उचलायला लावल्या. त्याच वर्षी मध्यभागातून ‘बिअर-सायकल’, म्हणजे दहाबाराजण पीत पीत पायडल मारतात ती फिरती गुत्तागाडी, हद्दपार झाली. पर्यटकांबद्दलची स्थानिकांची चिडचिड तेव्हा कळसाला पोचली होती.

त्या चिडीला कारण आहे. भाड्याच्या सायकली लाल, पिवळ्या अशा भडक रंगांच्या असतात, आणि स्थानिक माणूस लांबूनच ओळखतो की हा आता मध्येच थांबणार. मीही थांबलो. त्यातली अर्धी चूक ब्रेकची. साध्या डच सायकलीला हाताचा ब्रेक नसतो, पायडल उलटं मारलं की मागचं चाक धरतं. आपल्याला उतारावर पायडल मागे फिरवून पाय मोकळे करायची सवय. राइक्सम्युझियमच्या खालच्या बोगद्यात मी तेच केलं आणि जागच्या जागी थबकलो. मागून आलेल्या बाईंनी घंटा वाजवली नाही, एक शब्द उच्चारला आणि बाजूने निघून गेल्या. शब्दाचा अर्थ विचारायची गरज पडली नाही.

तो बोगदाही भांडून राखलेला आहे. 1885 च्या या इमारतीच्या पोटातूनच रस्ता जातो. 2003 पासून दहा वर्षं दुरुस्ती चालली. स्पॅनिश वास्तुविशारदांना तिथे संग्रहालयाचं प्रवेशद्वार हवं होतं, आणि सायकलवाले हटेनात. एप्रिल 2013 मध्ये संग्रहालय उघडलं ते राणी बेआट्रिक्स यांच्या हस्ते, ज्यांच्या वरातीत सायकल परत मागितली गेली होती. पुढच्या महिन्यात बोगदा सायकलींना खुला झाला.

खरी पांढरी सायकल चालवायची असेल तर शहर सोडून होखे वेल्युवे या राष्ट्रीय उद्यानात जावं लागतं. तिथे 1970 च्या दशकापासून त्या आहेत, आज सुमारे 1800. प्रवेशद्वारापाशी उचलायची, झाडीतून क्र्योलर-म्यूलर संग्रहालयापर्यंत जायचं, तिथल्या व्हॅन गॉगची चित्रं बघून बाहेर आल्यावर दुसरीच कुठली तरी घेऊन निघायचं. कुलूप नाही. उद्यानाला कुंपण आहे, आणि आत यायला तिकीट.

शहरातल्या सायकलीला दोन कुलपं लावूनही ती जागेवर सापडेलच असं नाही. स्टेशनाच्या आवारात किंवा नको त्या कठड्याला बांधली, तर पालिकेची माणसं साखळी कापून ती बंदराकडच्या सायकल-डेपोत नेतात. 2023 मध्ये सेंट्रल स्टेशनासमोर पाण्याखाली 7000 सायकलींचा तळ झाल्यापासून तर तिथे बाहेर बांधायला सबबही उरली नाही. डेपोतून सोडवायचे पैसे भाडेकरूने भरायचे, कापलेली साखळीही त्याच्याच हिशेबात. दुकानातल्या पोराने हे सगळं शेवटी, मी टांग मारल्यावर सांगितलं.