डॉकटाइपची ओळ पार्सर कुठे ठेवतो?

कुठलंही वेबपेज उघडा आणि कंट्रोल-यू दाबा, सोर्स दिसेल. अगदी पहिली ओळ बघा: टोकदार कंस, उद्गारचिन्ह, डॉकटाइप, मग एचटीएमएल, कंस बंद. आता बहुतेक साइट्सवर एवढंच असतं, पण पान जुनं असेल तर ओळ लांबलचक असते, पुढे पब्लिक असा शब्द, अवतरणचिन्हांत डब्ल्यूथ्रीसी, डीटीडी, एचटीएमएल ४.०१ असलं काहीतरी, आणि शेवटी एक यूआरएल. ही ओळ स्क्रीनवर दिसत नाही, ती टॅग नाही, कॉमेंट नाही, मजकूरही नाही. मग पान वाचून त्याचा ट्री बनवणाऱ्या पार्सरने तिला ठेवायचं कसं? प्रश्न किरकोळ वाटतो खरा, पण एखादी पार्सिंग लायब्ररी किती काळजीने लिहिलीय हे बघायला मी सगळ्यात आधी इथेच डोकावतो.

ही ओळ आली एसजीएमएल या एचटीएमएलच्या पूर्वज मार्कअप भाषेतून, म्हणजे १९८६ च्या आयएसओ ८८७९ मधून. तिथे तिला खरं काम होतं: या डॉक्युमेंटचे नियम, कुठल्या टॅगमध्ये काय चालतं वगैरे, अमुक डीटीडीत लिहिलेत ते बघा, असं ती सांगायची. ब्राउझरांनी एचटीएमएलसाठी ती डीटीडी कधी वाचलीच नाही. पण २००० साली मॅकवरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने या ओळीला वेगळंच काम लावलं. डॉकटाइप नसेल किंवा जुनाट असेल तर हे पान जुन्या सवयींनी बनवलेलं आहे असं समजायचं आणि तसंच दाखवायचं, नाहीतर स्टँडर्डप्रमाणे दाखवायचं. त्या जुन्या पद्धतीला म्हणतात क्वर्क्स मोड आणि तो आजही सगळ्या ब्राउझरांत आहे, म्हणजे त्या मोडात बॉडीला दिलेला फॉन्ट साइज टेबलच्या आत उतरत नाही, आणि लोक तासन् तास सीएसएसमध्ये चूक शोधत बसतात.

तर आता स्टोअर काय करायचं? एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्ये डॉकटाइपच्या टोकनला, म्हणजे पार्सरने मजकुरातून सुट्या केलेल्या तुकड्याला, तीन खण आहेत: नाव, पब्लिक आयडी (अवतरणचिन्हांतलं ते डब्ल्यूथ्रीसीवालं) आणि सिस्टम आयडी (शेवटची यूआरएल). शिवाय एक झेंडा, फोर्स-क्वर्क्स, तो ओळ मोडकीतोडकी असेल तर वर करायचा. आणि मग एक बारीक वाक्य आहे जे बरेच जण वाचून पुढे जातात: खण सुरुवातीला 'मिसिंग' असतात आणि मिसिंग म्हणजे रिकामी स्ट्रिंग नव्हे.

फरक काय पडतो? एचटीएमएल ४.०१ ट्रान्झिशनलचा पब्लिक आयडी घ्या. त्याच्यापुढे काहीच लिहिलं नाही तर पान जातं पूर्ण क्वर्क्स मोडात. पण पुढे यूआरएल असेल, किंवा नुसती दोन अवतरणचिन्हं असतील, आत काहीही नाही, तरी पान जातं लिमिटेड-क्वर्क्समध्ये, जो जवळजवळ स्टँडर्डसारखाच आहे. म्हणजे दोन पानांत फरक फक्त दोन अवतरणचिन्हांचा आणि टेबलांचे फॉन्ट वेगळे! लायब्ररीने दोन्हीकडे रिकामी स्ट्रिंग ठेवली की हा फरक कायमचा गेला. ब्राउझरच्या डॉममध्ये, म्हणजे तो पानाचा जो ट्री बनवतो त्यात, नेमकं हेच होतं, डॉकटाइपच्या नोडवर (ट्रीतल्या तिच्या गाठीवर) मिसिंगच्या जागी रिकामी स्ट्रिंगच मिळते. तिथे ते चालून जातं कारण मोड पार्स करतानाच ठरवून डॉक्युमेंटवर वेगळा लिहून ठेवलेला असतो. लायब्ररीने नोड तसाच उचलला आणि मोड ठेवलाच नाही तर मात्र माहिती हरवली.

त्याहून चकित करणारी गोष्ट उलट्या दिशेला आहे. ट्रीवरून परत एचटीएमएल लिहिताना स्टँडर्डची पद्धत फक्त नाव लिहिते, दोन्ही आयडी सोडून देते. जुनं क्वर्क्सवालं पान वाचलं, एक लिंक बदलली, परत सेव्ह केलं, की पान स्टँडर्ड मोडात जातं आणि लेआउट हलतो, डॉकटाइपला कोणी हातही लावलेला नसताना. जुन्या पानांवर काम करणाऱ्या लायब्ररीने इथे स्टँडर्डच्या पुढे जाऊन आयडी जपावेत असं माझं ठाम मत आहे. पायथनच्या ब्यूटिफुल सूप या लायब्ररीत डॉकटाइप ही एक खास प्रकारची स्ट्रिंगच असते, तुकड्यांतून ती बनवताना 'नाही' आणि 'रिकामं' वेगळं धरलं जातं आणि परत लिहिताना ती अख्खी उतरते. तुकडे हवे असतील तर मात्र तुम्हालाच ती फोडत बसावं लागतं. पायथनचीच दुसरी लायब्ररी एलएक्सएमएल उलट नाव, पब्लिक आयडी, यूआरएल वेगवेगळे काढून देतं.

एक्सएमएल या एचटीएमएलच्या भावंड भाषेत मामला गंभीर होतो. तिथे डॉकटाइपच्या आत चौकोनी कंसात एंटिटी जाहीर करता येतात, म्हणजे एका छोट्या नावाला मोठा मजकूर बांधायचा. एका एंटिटीत दुसरी दहा वेळा, तिच्यात तिसरी दहा वेळा, असं नऊ पायऱ्या केलं की तीन अक्षरांच्या शब्दाच्या १०० कोटी प्रती होतात, म्हणजे एक केबीपेक्षा लहान फाइल आणि मेमरीत जवळपास ३ जीबी. याला बिलियन लाफ्स म्हणतात. आणि यूआरएल दिसली म्हणून ती आणायला धावणारे पार्सर? फेब्रुवारी २००८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची स्टँडर्ड्स ठरवणाऱ्या संस्थेने, जाहीर केलं की त्यांच्या सर्व्हरवर डीटीडी वगैरे मागणाऱ्या रिक्वेस्ट दिवसाला १३ कोटींपर्यंत जातात, त्याही वर्षानुवर्षं न बदललेल्या फाइलींसाठी. म्हणून आयडी ठेवा, पण कोणी सांगितल्याशिवाय उघडू नका, हा डिफॉल्ट मला एकमेव योग्य वाटतो.

या साठवण्याच्या पद्धतीचा ठसा थेट एचटीएमएल५ वरही उमटलाय. एक्सएसएलटीसारख्या (एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या) काही टूल्सना पब्लिक किंवा सिस्टम आयडी दिल्याशिवाय डॉकटाइप लिहिताच यायचा नाही, नुसतं नाव लिहायची सोयच नव्हती. त्यांच्यासाठी स्टँडर्डने एक सिस्टम आयडी मान्य केला, 'अबाउट:लेगसी-कॉम्पॅट', ज्याच्या मागे कुठलीही फाइल नाही.